ठळक ब्लॅकलेटर फॉन्ट : रूप आणि वापर

आमचा ठळक ब्लॅकलेटर फॉन्ट मथळे, नाममुद्रा आणि मोजक्या शब्दांसाठी घडवलेला आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी त्याचा स्वभाव ग्राहकांनी समजून घ्यावा, यासाठी हे पत्रक.

ब्लॅकलेटर हे रोमन लिपीचे अक्षरवळण बाराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम युरोपातील हस्तलिखितांत रुळले. रुंद टोकाच्या लेखणीने गोलाई एका ओघात न ओढता वळणावर मोडली जाई. त्यामुळे 'ओ'सारख्या गोल अक्षरालाही कोन येतात, उभे दांडे जाड होतात आणि त्यांच्यामधली पोकळी अरुंद राहून छापील ओळ काळीभोर दिसते. जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्त्स येथे छापलेले ४२ ओळींचे बायबल याच कुळातील 'टेक्स्टुरा' वळणात आहे आणि आमचा फॉन्टही त्याच वाटेने जातो. जर्मनीत पूर्वी रूढ असलेल्या 'फ्राक्टुर' या प्रकारामुळे ब्लॅकलेटर म्हणजे नाझींचे अक्षर, असा समज आढळतो. प्रत्यक्षात १९४१ मध्ये नाझी राजवटीनेच त्याचा सरकारी वापर थांबवला. तरीही तुमचा वाचकवर्ग या बाबतीत हळवा असेल, तर निवडीपूर्वी विचार करावा.

वृत्तपत्राचे शीर्षनाम, प्रमाणपत्र, बाटलीवरचे लेबल, मेटल संगीताच्या अल्बमचे मुखपृष्ठ, टॅटू या ठिकाणी हा फॉन्ट शोभतो. परिच्छेदासाठी तो आम्ही सुचवत नाही. इंग्रजी 'मिनिमम' (minimum) हा शब्द जुळवून पाहिला की कारण कळते : एकापाठोपाठ १५ जवळपास सारखे दांडे उभे राहतात आणि कोणते अक्षर कुठे संपले, हे डोळ्याला उमगत नाही.

संपूर्ण शब्द कॅपिटल अक्षरांत जुळवू नये, ही आमची सर्वांत आग्रहाची सूचना आहे, कारण यातील कॅपिटल अक्षरे शब्दारंभी एकटी मिरवण्यासाठी नक्षीदार केलेली असून शेजारी शेजारी आली की ती एकमेकांत गुंततात. अक्षरांमधले अंतरही वाढवू नये. दांड्यांची घट्ट वीण सुटली की शब्द विस्कटतो. २४ पॉइंटपेक्षा लहान आकार टाळावा. भरतकामात किंवा काळ्यावर पांढऱ्या छपाईत बारीक पोकळ्या बुजतात, म्हणून अशा कामासाठी आकार आणखी मोठा घ्यावा.

अंतिम छपाईपूर्वी प्रूफ पडद्यावर न पाहता प्रत्यक्ष आकारात कागदावर काढावे आणि त्यातील नाव आधी माहीत नसलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे.