तुकड्यातून वाढणारं पीक

हवाईतल्या ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागरात १९७४ मध्ये कप्पाफायकस नावाचं शैवाल लावण्यात आलं. जाड, रबरासारख्या फांद्यांचं हे शैवाल मूळचं आग्नेय आशियातलं. फिलिपिन्समध्ये त्याची शेती नुकतीच बसली होती आणि ती बसवण्यात हवाई विद्यापीठाचे शैवालतज्ज्ञ मॅक्सवेल डोटी यांचा मोठा वाटा होता. हवाईतही प्रयोग करून पाहू, असा साधा विचार होता. प्रवाळांच्या उंचवट्यांमधल्या खोल वाहिन्या हे शैवाल ओलांडणार नाही, असं तेव्हा मानलं गेलं. वीस-बावीस वर्षांनी मोजणी झाली तेव्हा ते वर्षाला सुमारे २५० मीटर या वेगाने सरकत लावणीच्या जागेपासून पाच-सहा किलोमीटरवर पोचलं होतं. जिवंत प्रवाळावर त्याच्या जाड गाद्या चढल्या होत्या आणि खालच्या प्रवाळाला ऊन मिळेनासं झालं होतं.

तिथे व्यापारी शेती मात्र कधी उभीच राहिली नाही. कुणी त्यातून पैसा कमावला नाही, साफसफाईचा खर्च तेवढा सार्वजनिक तिजोरीवर पडला. तराफ्यावर बसवलेल्या मोठ्या पंपाने पाणबुडे शैवाल ओढून काढू लागले. काढलेलं पुन्हा वाढू नये म्हणून स्थानिक जातीचे समुद्री अर्चिन हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढवून लाखोंच्या संख्येने प्रवाळांवर सोडण्यात आले. हे काटेरी प्राणी शैवाल चरतात.

आता हे शैवाल लावायचंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आहे कॅराजीनन. आइस्क्रीम, टूथपेस्ट, प्रक्रिया केलेलं मांस अशा अनेक वस्तूंना दाटपणा आणि बांधणी देणारा हा पदार्थ कप्पाफायकसमधून निघतो. लागवड विलक्षण सोपी: शैवालाचा तुकडा कापायचा, दोरीला बांधायचा, दोरी खुंट्यांवर किंवा बांबूच्या तराफ्यावर ताणायची. पंचेचाळीस दिवसांत वजन साधारण चौपट होतं. खत, गोडं पाणी, नांगर, जमीन यातलं काहीच लागत नाही. पुढच्या हंगामाचं बियाणं म्हणजे याच पिकाचे राखून ठेवलेले तुकडे.

सगळा पेच याच सोयीत आहे. ज्या गुणामुळे शेतकऱ्याला बियाणं फुकट मिळतं, त्याच गुणामुळे वादळात तुटलेला प्रत्येक तुकडा हे सुटलेलं बियाणं ठरतं. ‘हे शैवाल नव्या पाण्यात बीजाणूंनी, म्हणजे बियांसारख्या सूक्ष्म कणांनी, क्वचितच पसरतं, मग भीती कसली,’ असा युक्तिवाद वेगवेगळ्या देशांत ऐकू आला. तुटका तुकडा प्रवाळाच्या खाचेत अडकला तरी पुरतो, हे त्यात सुटून जातं.

तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या मन्नारच्या आखातात तेच दिसलं. भारतातल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे शैवाल नव्वदच्या दशकात मंडपमजवळ आणलं. पुढे खासगी गुंतवणूक आली, बचत गट आले आणि रामनाथपुरम जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या बायकांच्या हाती रोख पैसा येऊ लागला. २००८ मध्ये कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर ते पसरल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. हे बेट सागरी राष्ट्रीय उद्यानातलं. मग हातांनी उपटून काढण्याच्या मोहिमा झाल्या. उपटताना तुकडे पडतात, ही आणखी एक कटकट.

पण ‘परकं म्हणजे वाईट’ हे सूत्र मला पटत नाही. चीनमध्ये ज्या केल्पच्या, म्हणजे लांब पात्यांच्या मोठ्या तपकिरी शैवालाच्या, जोरावर प्रचंड शैवाल उद्योग उभा राहिला, ते केल्प तिथलं नाहीच. जपानच्या बाजूने ते १९२०च्या दशकात दालियन बंदरात पोचलं. पन्नासच्या दशकात त्याची शेती बसली आणि उष्ण पाणी सोसणारे वाण तयार करून ती दक्षिणेकडे नेण्यात आली. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटांवर १९८९ पासून फिलिपिन्सच्या वाणांची शेती आहे आणि ती करणाऱ्या बहुतांश बायका आहेत. ज्या गावांत बाईच्या नावावर उत्पन्न नव्हतं तिथे ते आलं, याचं मोल कुठल्याही हिशेबात धरायलाच हवं. शेतांखालचं समुद्री गवत विरळ झालं, तेही त्याच हिशेबात धरायला हवं. कार्बन शोषला जातो म्हणून ही शेती हवामानाला तारेल, हा दावा मात्र जरा जपून घ्यावा. कापलेल्या शैवालाचं उत्पादन होऊन ते वापरलं गेलं की त्यातला बराचसा कार्बन परत सुटतो.

एकच शैवाल एका ठिकाणी माजतं आणि दुसरीकडे नाही, याचं एक कारण चरणाऱ्यांत सापडतं. रॅबिटफिशसारखे शाकाहारी मासे कोवळ्या फांद्या फस्त करतात. शेतकरी त्यांना वैतागतो, पण निसटलेले तुकडे गिळणारेही तेच असतात. मासेमारीने ते संपलेले असतील तर तोच तुकडा निर्धास्त वाढतो. म्हणजे परक्या शैवालाला परवानगी देताना नुसतं शैवाल तपासून भागत नाही, त्या पाण्यात कोण चरतं तेही पाहावं लागतं.

तुकड्यांची शेती आर्थिकदृष्ट्याही नाजूक. जगभरातलं बरंचसं कप्पाफायकस मोजक्याच मूळ वाणांच्या प्रतींतून आलेलं आहे. पाणी तापलं, क्षारता बदलली की फांद्या पांढऱ्या पडून गळतात. शेतकरी या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात. सगळी झाडं जवळपास सारखीच असल्याने एकाला जे झेपत नाही ते कुणालाच झेपत नाही. झांझिबारच्या उथळ, तापलेल्या पाण्यात चांगला भाव मिळणारं कप्पाफायकस तग धरेना, तेव्हा बऱ्याच जणींना कमी भावाच्या, पण चिवट अशा दुसऱ्या शैवालाकडे वळावं लागलं. कप्पाफायकस खोल पाण्यात लावावं तर बोट हवी आणि पोहता यायला हवं.

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. जपानी स्वयंपाकात वाकामे म्हणून ओळखलं जाणारं उंडारिया १९८७ मध्ये वेलिंग्टन बंदरात सापडलं, बहुधा जहाजांबरोबर आलेलं. पुढे न्यूझीलंडच्याच दूरवरच्या चॅटम बेटांजवळ बुडालेल्या एका मासेमारी बोटीवर ते आढळलं, तेव्हा पाणबुड्यांनी बोटीचा सांगाडा उष्णता देऊन निर्जंतुक केला. ही मोहीम यशस्वी झाली, पण असं यश विरळाच. मुख्य किनाऱ्यावर ते आवरेना. अखेर २०१० मध्ये, जिथे ते आधीच बेसुमार पसरलं आहे अशा निवडक भागांतच शेतीला मुभा मिळाली. यात शहाणपण आहे, पण एक खोचही आहे: ज्याला उद्योग वाढवायचा आहे, त्याच्या दृष्टीने पसरलेलं क्षेत्र वाढणं तोट्याचं राहत नाही.

मग देशी जातीच लावाव्यात? तिथेही एका किनाऱ्यावरचं बियाणं दूरच्या किनाऱ्यावर नेलं की स्थानिक वाणांत मिसळण्याचा धोका राहतोच. म्हणून अलास्कात केल्पची शेती करणाऱ्याला बियाण्यासाठी शेतापासून ५० किलोमीटरच्या आतली, निदान ५० नैसर्गिक झाडं वापरावी लागतात. बीजाणू गोळा करायचे, हॅचरीत दोऱ्यावर रुजवायचे आणि मग समुद्रात सोडायचं. हे महाग पडतं. पण हा खर्च शेती सुरू होण्याआधी, शेतकऱ्याच्याच वहीत लिहिला जातो.