बास अँप्लिफायर आणि स्पीकर कॅबिनेट : शक्ती व संरोध यांचा मेळ

बास गिटारच्या अँप्लिफायरची शक्ती, त्याला जोडलेल्या स्पीकर कॅबिनेटचा संरोध म्हणजेच इम्पीडन्स (बदलत्या विद्युत प्रवाहाला होणारा एकूण विरोध) आणि कॅबिनेटची शक्ती सोसण्याची मर्यादा यांची परस्परांशी सांगड घालण्याची पद्धत. संरोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये सांगतात. अँप्लिफायरला किती कमी ओहमचा भार चालेल आणि कॅबिनेट किती वॅट सोसेल, असे दोन स्वतंत्र प्रश्न या एका नावाखाली येतात. पहिल्यावर अँप्लिफायरची सुरक्षितता अवलंबून असते, दुसऱ्यावर स्पीकरची.

संरोध या अर्थाची इंग्रजी संज्ञा ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८६ मध्ये योजली. मेळाची कल्पना त्याहून जुनी असून ती साधारणपणे मोरित्झ फोन याकोबी यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या, सुमारे १८४० च्या नियमापर्यंत नेली जाते : उगमाचा अंतर्गत रोध आणि भाराचा रोध समान असताना भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते. स्पीकर जोडण्याचा नियम यातूनच आला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. पण हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. समान रोधाच्या स्थितीत निम्मी शक्ती उगमातच खर्ची पडते. शिवाय हा नियम उगम ठरलेला असताना भार कसा निवडावा एवढेच सांगतो, उगम कसा असावा हे सांगत नाही. ट्रांझिस्टर अँप्लिफायरचा अंतर्गत संरोध एका ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो आणि त्याला ४ किंवा ८ ओहमचा स्पीकर जोडतात. तेथे समानता अभिप्रेतच नसते. निर्वात नलिकांच्या, म्हणजे ट्यूबच्या अँप्लिफायरमध्येही भार निवडताना मान्य विरूपणात (ध्वनीतील बिघाडाच्या मान्य मर्यादेत) मिळणारी शक्ती पाहिली जाते. दूरध्वनीच्या ६०० ओहमच्या तारमार्गांना दोन्ही टोकांस समान संरोध देण्याची प्रथा होती. तेथील परिभाषा नभोवाणीमार्गे ध्वनितंत्रात उतरली असावी, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

ट्यूब अँप्लिफायरमध्ये नलिका आणि स्पीकर यांच्यामध्ये निर्गम रोहित्र, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. रोहित्रातून संरोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो : ८ ओहमचा स्पीकर नलिकांना ४,००० ओहमचा भासावा यासाठी वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे २२.४ लागते. म्हणून अशा अँप्लिफायरवर ४, ८, १६ ओहमची वेगवेगळी निर्गमस्थाने किंवा निवडकळ असते, आणि मेळ हा शब्द खऱ्या अर्थाने येथेच लागू पडतो. स्पीकर न जोडता वाजवल्यास रोहित्रात अतिशय उच्च विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होऊन त्याचे निरोधन फुटू शकते. १९६९ मध्ये आलेला अँपेग एसव्हीटी हा ३०० वॅटचा ट्यूब अँप्लिफायर या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्याच्या कॅबिनेटमध्ये ३२ ओहमचे, १० इंची आठ स्पीकर समांतर जोडलेले असल्याने एकूण संरोध ४ ओहम होतो. अशी दोन कॅबिनेट जोडली की तो २ ओहमवर येतो.

ट्रांझिस्टर अँप्लिफायर जवळजवळ स्थिर दाबाचा उगम म्हणून काम करतो. ४ ओहममध्ये ३०० वॅट देताना त्याचा दाब सुमारे ३४.६ व्होल्ट आणि प्रवाह ८.७ अँपिअर असतो. त्याच दाबावर ८ ओहमच्या कॅबिनेटला १५० वॅट मिळतात. प्रत्यक्षात वीजपुरवठ्यावरील ताण कमी झाल्याने काहीसे अधिकही मिळतात. शक्ती निम्मी झाली तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते. उलट २ ओहमचा भार १७ अँपिअरहून अधिक प्रवाह मागतो आणि संरक्षक मंडल नसेल तर ट्रांझिस्टर जळतात. त्यामुळे अँप्लिफायरवर लिहिलेला किमान ओहमचा आकडा ही खालची सीमा मानावी. त्याहून अधिक ओहमचा भार निर्धोक असतो.

बहुतेक कॅबिनेटवरील दुसरे सॉकेट समांतर जोडणीचे असते. ८ ओहमची दोन कॅबिनेट मिळून ४ ओहम होतात, तर ८ आणि ४ ओहमची मिळून सुमारे २.६७ ओहम. या दुसऱ्या जोडीत ४ ओहमचे कॅबिनेट दोनतृतीयांश शक्ती घेते, ही गोष्ट वादकांच्या नजरेतून वारंवार सुटते.

कॅबिनेटवरचा ८ ओहम हा आकडा नाममात्र असतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या ६०२६८-५ या मानकानुसार निर्धारित कंप्रतापट्ट्यात (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात) संरोध नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे येथे ६.४ ओहमखाली, जाऊ नये. बंद पेटीत संरोधाचे एक शिखर दिसते. झरोक्याच्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीत दोन शिखरे आणि त्यांच्यामध्ये, पेटी ज्या कंप्रतेला जुळवलेली असते त्या स्वरमेळाच्या कंप्रतेजवळ, एक दरी असते. स्पीकरच्या तापलेल्या कॉईलमधील तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. त्यामुळे दीर्घ वादनात कॅबिनेट शीतावस्थेपेक्षा कमी शक्ती खेचते.

शक्ती सोसण्याच्या आकड्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस२-१९८४ या मानकात मर्यादित पट्ट्यातील गुलाबी रव (पिंक नॉइज हा चाचणीचा खरखराटी ध्वनी) दोन तास देऊन चाचणी घेतात. ती मुख्यतः उष्णता सोसण्याची कसोटी आहे. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा स्वर ४१.२ हर्ट्झ, पाच तारांच्या बासचा सुमारे ३०.९ हर्ट्झ. झरोक्याच्या पेटीत स्वरमेळाच्या खालच्या कंप्रतांवर स्पीकरच्या शंकूला (हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही आणि उष्णतेची मर्यादा बरीच दूर असतानाही तो यांत्रिक मर्यादा ओलांडू शकतो. कमी वॅटच्या अँप्लिफायरमुळे स्पीकर जळतो, हा समज व्यापक आहे. तरंगाचे माथे पूर्ण छाटले गेले की त्याच शिखरदाबाच्या ज्या-तरंगापेक्षा (साइन वेव्हपेक्षा) दुप्पट शक्ती बाहेर पडते, हे खरे. तथापि १०० वॅटचा अँप्लिफायर त्यामुळे ४०० वॅटच्या बास स्पीकरला धोक्यात आणत नाही. धोका असलाच तर तो उच्च कंप्रतेच्या लहान स्पीकरला.

भारतात सभा-समारंभांतील कर्ण्यांसाठी १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक कर्ण्याला एलएमटी (लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर) नावाचे छोटे रोहित्र असते आणि जोडणी करताना ओहमऐवजी वॅटची बेरीज केली जाते. अशा अँप्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टोकांना बासचे ८ ओहमचे कॅबिनेट थेट जोडू नये, कारण पूर्ण दाबाला ते १,२५० वॅटची मागणी करते.