चेक टेनिसचं घराणं

2023 साली विम्बल्डनची महिला एकेरी मार्केता वोंद्रोउशोवाने जिंकली, 2024 साली बार्बोरा क्रेचिकोवाने. दोघी चेक. जेमतेम एक कोटी वस्तीच्या देशाला हे जमतं कसं, असा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. सरावाच्या पद्धती, क्लबांचं जाळं अशी उत्तरंही आली. ती खरीच आहेत, पण माझ्या मते यातला मोठा भाग बायकांनी बायकांना शिकवण्याच्या परंपरेचा आहे. आपल्याकडे गायकीचं घराणं चालतं, तसं.

सुरुवात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातली. प्रागमध्ये 1893 साली पहिला चेक लॉन टेनिस क्लब निघाला. व्ल्तावा नदीतल्या श्टवानित्से बेटावरची त्याची मैदानं पुढे या खेळाचं माहेरघर ठरली. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा उतरल्या, तेव्हा बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, हेडविगा रोझेनबाउमोवाने एकेरीत कांस्यपदक मिळवलं. 1920 ला अँटवर्पमध्ये मिलादा स्कर्ब्कोवा आणि लादिस्लाव झेम्ला यांनी मिश्र दुहेरीचं कांस्य आणलं. पुढे दोघांनी लग्नही केलं.

यारोस्लाव ड्रोबनी हा या मातीतला पहिला मोठा पुरुष खेळाडू. वडील टेनिस क्लबात मैदानं सांभाळायचे, त्यामुळे पोरगा कोर्टावरच वाढला. 1948 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीचं रौप्यपदक जिंकलेल्या संघातही तो होता. त्याच वर्षी देशात कम्युनिस्ट सत्ता आली. 1949 मध्ये स्वित्झर्लंडला खेळायला गेलेला ड्रोबनी परतलाच नाही. इजिप्तने त्याला नागरिकत्व दिलं आणि 1954 चं विम्बल्डन त्याने इजिप्तचा म्हणून जिंकलं.

नव्या राजवटीच्या लेखी टेनिस हा भांडवलदारांचा खेळ होता. तरी तो बंद पडला नाही. लाल मातीची कोर्टं गावोगावी होती, क्लब होते आणि परदेशी स्पर्धांतून परकी चलन येत होतं. यान कोदेशने 1970 आणि 1971 ला फ्रेंच ओपन जिंकली, 1973 ला विम्बल्डन. त्या वर्षी 81 खेळाडूंनी बहिष्कार टाकला होता, म्हणून त्याच्या विजयाला आजही कुणी कुणी नाक मुरडतं.

पण बायकांच्या या परंपरेचा कणा म्हणजे वेरा सुकोवा. 1962 साली मानांकन नसताना ती विम्बल्डनच्या अंतिम फेरीपर्यंत गेली, तिथे हरली आणि पुढे महिला संघाची प्रशिक्षक झाली. तिच्याच संघाने 1975 मध्ये फेडरेशन कप (पुढचा फेड कप), म्हणजे देशोदेशींच्या महिला संघांची स्पर्धा, जिंकला. त्या संघातली अठरा वर्षांची मुलगी म्हणजे मार्टिना नवरातिलोवा. मार्टिना प्रागजवळच्या र्झेव्नित्से या छोट्या गावात वाढली. आजी नामांकित खेळाडू होती, सावत्र वडिलांनी शिकवलं, आणि सराव भिंतीवर चेंडू मारून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने न्यूयॉर्कला आश्रय मागितला आणि मायदेशातल्या माध्यमांनी तिचं नाव घेणंच सोडून दिलं. 1986 ला ती अमेरिकेच्या संघातून फेडरेशन कपसाठी प्रागला आली. अंतिम फेरीत अमेरिकेने यजमानांना 3-0 हरवलं, तरी प्रेक्षक टाळ्या वाजवत होते तिच्यासाठी. सरकारला हे कितपत रुचलं असेल, ते सांगायला नकोच.

त्या फेरीत तिच्यासमोर उभी होती हाना मांडलिकोवा, चार ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली. पुढे हानाने ब्र्नोच्या याना नोवोत्नाला हाताशी धरलं. 1993 च्या विम्बल्डन अंतिम फेरीत स्टेफी ग्राफविरुद्ध नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये 4-1 पुढे होती. 5-1 व्हायला एकच गुण हवा होता, आणि तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या. तिथून सामना निसटला. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं टेकून रडणारी नोवोत्ना त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही विसरता येणार नाही. पाच वर्षांनी, 1998 मध्ये, तिने तीच स्पर्धा जिंकली.

2014 मध्ये ब्र्नोचीच अठरा वर्षांची क्रेचिकोवा आईला घेऊन नोवोत्नाच्या दारात गेली. हातात पत्र होतं: मी पुढे काय करू, सल्ला द्या. नोवोत्नाने शिकवायला सुरुवात केली. 2017 मध्ये ती कॅन्सरने गेली, आणि एकदा तरी ग्रँड स्लॅम जिंक, असं शिष्येला सांगून गेली. 2021 ला क्रेचिकोवाने फ्रेंच ओपन घेतली, 2024 ला विम्बल्डन.

घराघरांतही हेच. वेराची मुलगी हेलेना सुकोवा दुहेरीत जगातली अव्वल झाली. ओस्त्रावाच्या इव्हान लेंडलची आई ओल्गा देशातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी होती. स्वित्झर्लंडकडून खेळलेल्या मार्टिना हिंगिसलाही तिच्या चेक आईनेच घडवलं. नाव ठेवलं ते नवरातिलोवावरून.

1993 ला चेकोस्लोव्हाकियाची चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया अशी फाळणी झाली आणि सरकारी आधार आटला. मग मोराव्हियातल्या प्रोस्त्येयोवसारख्या लहान शहरातल्या क्लबने खाजगी पैशावर खेळाडू सांभाळले. दोनदा विम्बल्डन जिंकलेली पेत्रा क्विटोवा त्याच क्लबची. 2011 ते 2018 मध्ये चेक महिलांनी सहा वेळा फेड कप जिंकला. 2012 आणि 2013 चे डेव्हिस कप पुरुषांचे, मुख्यतः टोमास बर्डिच आणि राडेक श्टेपानेक या दोघांच्या खांद्यावर. श्टेपानेक आपल्याला ओळखीचा आहे तो लिएंडर पेसमुळे: 2012 ची ऑस्ट्रेलियन आणि 2013 ची यूएस ओपन दुहेरी त्यांनी मिळून जिंकली. त्याआधी 2009 मध्ये पेसने फ्रेंच आणि यूएस ओपन जिंकली, तेव्हाचा जोडीदार लुकाश द्लोही, तोही चेकच. एकेरीत मात्र लेंडलनंतर चेक पुरुषांपैकी ग्रँड स्लॅम जिंकून आणलं, ते फक्त 1998 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पेत्र कोर्डाने.