आवाज मुद्दाम फाडताना काय घडतं?

‘आवाज फाटतोय, कमी कर,’ असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. त्यामुळे मिक्सिंगमध्ये, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, आवाज मोजूनमापून, मुद्दाम फाडला जातो हे ऐकलं की अनेकांना पटत नाही. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं असं फाटणं, हा बिघाडच, ही समजूत पक्की बसलेली असते.

100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) शुद्ध सुराची लहर स्क्रीनवर मोठी करून पाहा. गुळगुळीत टेकडी, गुळगुळीत दरी. क्लिपर नावाचं साधन ठरलेल्या उंचीच्या वरचा भाग सपाट कापतो. टेकडीचं पठार होतं आणि त्या पठाराबरोबर मूळ आवाजात नसलेले 300, 500, 700 हर्ट्झचे सूर जन्माला येतात. दरीपेक्षा टेकडी जास्त कापली, तर 200 आणि 400 सुद्धा येतात. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला 50 हर्ट्झचा बास वाजवता येत नाही, पण 200, 250, 300 असे त्याचे हार्मोनिक (50 च्या पटीतले सूर) कानावर पडले की मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखून हरवलेला 50 स्वतःच ऐकतो. बासवर डिस्टॉर्शन लावतात ते बरेचदा यासाठीच.

मग सगळं गाणं एकाच क्लिपरमधून का काढू नये? मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. समजा, 60 हर्ट्झचा जोरदार बास आहे आणि त्यावर 1000 हर्ट्झचा गायकाचा सूर. एकत्र लहरीत गायकाचा सूर म्हणजे बासच्या मोठ्या टेकडीवर पसरलेल्या बारीक सुरकुत्या. टेकडीचा माथा कापला की त्या माथ्यावरच्या सुरकुत्याही जातात. तळाशीही तेच. म्हणजे दर सेकंदाला 120 वेळा गायकाचा आवाज गिळला जातो, आणि गायकाने काहीही केलेलं नसतं!

गणितही हेच सांगतं. क्लिपिंगचं सर्वांत साधं रूप म्हणजे लहरीतून तिचा थोडासा घन वजा करणं. (क + ख)³ उलगडलं की 3क²ख हे पद मिळतं. क हा बास, ख हा गायकाचा सूर. कोसाइनचा वर्ग केला की कोन दुप्पट होतो, म्हणून 60 चे 120 झाले. ते ख शी गुणले की बेरीज आणि वजाबाकी मिळते: 1120 आणि 880. हे सूर 60 च्याही पटीत नाहीत आणि 1000 च्याही. कानाला खरखर वाटते ती यांची.

मल्टिबँड क्लिपिंगचा उपाय सरळ आहे. क्रॉसओव्हरने, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या फिल्टरने, आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे पट्टे करायचे, प्रत्येकाला वेगळा क्लिपर लावायचा आणि मग बेरीज करायची. बासची टेकडी आता गायकाच्या पट्ट्यात नसतेच. पण बेरजेनंतर शिखरं पुन्हा मर्यादेबाहेर जाऊ शकतात, आणि नेहमीचा क्रॉसओव्हर फेजही (लहरींची वेळेतली जुळणी) थोडी वळवतो. माझ्या मते दोन-तीन पट्टे पुरेत.

पॅरलल डिस्टॉर्शनमध्ये मूळ आवाजाला हात लावत नाहीत. त्याची प्रत काढून ती भरपूर फाडायची आणि मूळ आवाजाखाली हलकेच मिसळायची. ड्रमचा पहिला ठोका शाबूत राहतो, मागे भरीवपणा येतो. मात्र ती प्रत 1 मिलिसेकंद जरी उशिरा पोचली, तरी 500, 1500, 2500 हर्ट्झला दोन्ही लहरी एकमेकींच्या विरुद्ध पडून आवाज पोकळ होतो.

‘जादुई ऊब’ देणाऱ्या प्लगिनच्या (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांच्या) जाहिरातींवर विश्वास ठेवण्याआधी एक करा: प्लगिन चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. थोडा मोठा आवाज कानाला बहुतेकदा जास्त चांगला वाटतो, आणि पुष्कळशी जादू तिथेच संपते.

त्याहून चांगली कसोटी वजाबाकीची. संपूर्ण गाण्यावर एकच क्लिपर लावा, पातळी न बदलता त्यात मूळ गाणं उलट्या ध्रुवतेने (टेकडीच्या जागी दरी, दरीच्या जागी टेकडी) मिसळा. उरेल ते फक्त क्लिपरने कापलेलं. बासच्या प्रत्येक दणक्याबरोबर गायकाच्या आवाजाचे तुकडे त्यात ऐकू येतील.