सुईची नशा, एचआयव्ही आणि टीबी : ग्रामीण विदर्भ

सुईने नशा करणाऱ्या एचआयव्हीबाधिताला क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा, धोका दोन बाजूंनी असतो. टीबीचे जंतू अंगात असले तरी बहुतेक माणसे आजारी पडत नाहीत. आयुष्यभरात १०० पैकी ५ ते १० जणांनाच रोग होतो. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. अर्धपोटी राहणे, बिडी, कोंदट खोलीतली दाटी आणि तुरुंगवास यांची त्यात भर पडते. एचआयव्हीची साथ येण्याआधीही अशी नशा करणाऱ्यांत टीबी जास्त आढळत असे.

भारतात सुईची नशा मुख्यतः ईशान्येकडील राज्ये, पंजाब आणि दिल्ली येथे आढळते. विदर्भात एचआयव्ही प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरला. त्यामुळे इथल्या खेड्यात सुई घेणारा माणूस विरळा, आणि म्हणूनच जास्त एकटा. तो सांगत नाही, आणि त्याला कोणी विचारतही नाही.

निदान हुकते ते इथेच. एचआयव्ही असलेल्याला खोकला, ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर लगेच टीबीची तपासणी करायची असते. खोकल्याला दोन आठवडे होण्याची वाट पाहायची नसते. पण सुईने घेतल्या जाणाऱ्या हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांनी खोकला दबतो. नशा उतरताना घाम येतो, भूक मरते, माणूस वाळतो. घरचे म्हणतात, ‘नशेनंच असा झाला,’ आणि कधी डॉक्टरही तेच धरून चालतात. शिवाय अशा रुग्णाच्या बेडक्यात जंतू कमी असतात, किंवा टीबी फुफ्फुसाबाहेर, गाठींत वा मेंदूच्या आवरणात असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत म्हणून टीबी नाही, असे समजणे घातक आहे. जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करायलाच हवी.

उपचारातही एक अडचण आहे. टीबीवरचे रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला इतर औषधे झपाट्याने निकामी करायला लावते. त्यामुळे एचआयव्हीवरचे डॉल्युटेग्राविर दिवसातून एकदा ऐवजी दोनदा द्यावे लागते. नशा सोडवण्यासाठी दिलेले मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनही कमी पडू लागते. अंग मोडून येते, झोप उडते, आणि रुग्ण एक तर टीबीच्या गोळ्या टाकतो किंवा पुन्हा सुईकडे वळतो. बाहेरून हा बेफिकीरपणा वाटतो. खरे तर मात्रा वेळीच वाढवली असती तर तो टिकला असता. सुईतून आलेला हेपटायटिस सी आणि जोडीला दारू असेल, तर यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते. उपचार नाकारण्याचे मात्र ते कारण होऊ शकत नाही.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची असते. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण असलेली गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर रोजी बुडवून जवळच्या केंद्रावर जाणेही जड जाते. नशेचे, एचआयव्हीचे आणि टीबीचे औषध एकाच ठिकाणी मिळावे, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच या सेवा एकत्र देण्याची शिफारस केली होती.

टीबी नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार देता येतो : ६ महिने रोज आयसोनियाझिड, सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ जीवनसत्त्व. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, नियमित चालू असतील, तर ती आणि हा प्रतिबंधक उपचार मिळून धोका बराच खाली येतो. नशा सुटलेली नसली, तरीही हा उपचार देता येतो.