ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला म्हणजे बदलायलाच हवा?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही, सरळ नवा टाका. हे खरं नाही, आणि यापायी लोकांचा पैसा हकनाक जातो याचं वाईट वाटतं.

आधी गाडीत कुठला ऑटोमॅटिक आहे ते बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असतो. तो आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं, गिअर टाकायचं काम तेवढं ड्रायव्हरऐवजी आपोआप चालणारा भाग, म्हणजे अ‍ॅक्चुएटर करतो. चोर्ला घाटाच्या चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट करपते. ती बदलून कॅलिब्रेशन केलं (यंत्रणा नव्या क्लचशी जुळवून घेतली) की बहुतेकदा भागतं.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, त्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते. अशी गाडी झटके देत असेल तर स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या, गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी बघा. दोष पुष्कळदा सोलेनॉइडचा (ऑइलचा प्रवाह उघड-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) किंवा वायरिंगचा निघतो. ऑइल काळं, जळक्या वासाचं आणि तळाला धातूचा चुरा असेल, तर मात्र आतून झीज झालीय. तेव्हा ओव्हरहॉलचा (गिअरबॉक्स उघडून झिजलेले भाग बदलण्याचा) खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघा. दुसऱ्या गाडीचा जुना गिअरबॉक्स बसवणार असाल तर वॉरंटी लेखी घ्या.