होमोजेंटिसिक आम्ल

टायरोसीन आणि फिनिलॲलनीन या ॲमिनो आम्लांचे शरीरात विघटन होताना मधल्या टप्प्यावर तयार होणारे कार्बनी आम्ल. निरोगी माणसाच्या यकृतात होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्याच्या रेणूतील कार्बन अणूंचे वलय लगेच तोडते, म्हणून लघवीत ते जवळजवळ सापडत नाही. विकर निकामी असेल तर आम्ल साचते आणि रोज काही ग्रॅम लघवीवाटे बाहेर पडते. हा आनुवंशिक विकार म्हणजे अल्काप्टोन्यूरिया. तिसऱ्या गुणसूत्रावरील, हे विकर घडवणाऱ्या एचजीडी जनुकाच्या, आईकडून व वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती सदोष असतील तरच तो होतो. एरवी दुर्मिळ असलेला हा विकार स्लोव्हाकियात आणि तमिळनाडूतील नरिकुरवर समाजात तुलनेने जास्त आढळतो.

ताजी लघवी नेहमीसारखीच दिसते. हवा लागली की हळूहळू काळी पडते. अल्कलीने ही क्रिया वेग घेते, त्यामुळे बाळाच्या लंगोटावरचा डाग साबण लावल्यावर जायचा सोडून आणखी गडद होतो. हे आम्ल साखरेप्रमाणेच क्षपणकारक (दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारे) असल्याने लघवीतील साखर तपासण्याच्या बेनेडिक्ट चाचणीत साखरेचा भास होऊन निदान मधुमेहाकडे भरकटू शकते.

लंडनचे डॉक्टर आर्चिबॉल्ड गॅरॉड यांचे लक्ष अशाच लंगोटांनी वेधले. मूल हा विकार घेऊनच जन्मते, तो नंतर आतड्यातील जंतूंमुळे जडत नाही, असे त्यांचे मत होते. आधीची भावंडे बाधित असलेल्या घरात जन्मलेल्या बाळाचे लंगोट त्यांनी पहिल्या दिवसापासून तपासायला लावले; डाग तिसऱ्या दिवशी दिसला. अशा कित्येक मुलांचे आईवडील एकमेकांची सख्खी चुलत-मावस भावंडे होती. आनुवंशिकीचे अभ्यासक विल्यम बेटसन यांनी यात मेंडेलचा अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असल्या तरच दिसणारा) गुणधर्म ओळखला, आणि गॅरॉड यांचा १९०२चा निबंध मानवी आनुवंशिकीचा आरंभबिंदू ठरला. एवढ्या दुर्मिळ विकाराला एवढे मोठे श्रेय क्वचितच मिळते. यकृतातील विकराचा अभाव प्रत्यक्ष दिसला तो १९५८मध्ये.

बालपणी त्रास बहुधा नसतो. पुढे आम्लापासून बनलेले रंगद्रव्य कूर्चेत (कान, सांधे इत्यादींतील लवचिक ऊतीत) मुरते: कानाची पाळी निळसर, डोळ्याच्या पांढऱ्या भागात करडे ठिपके, आणि तिशीनंतर पाठ, गुडघे व खुबे धरू लागतात. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काळीकुट्ट कूर्चा दिसली आणि तेव्हाच निदान झाले, असेही घडते.

निटिसिनोन हे तणनाशकाच्या संशोधनातून आलेले औषध आम्ल तयार होण्याआधीचाच टप्पा रोखते. युरोपात २०२०मध्ये प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. मात्र त्याने रक्तातील टायरोसीन वाढते व बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून डोळ्यांची तपासणी आणि प्रथिनांवर मर्यादा आवश्यक असते.